देवानंच असं घडवलं, मग माझा काय दोष?

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! बसा माउली, बसून घ्या. मागं ऐकू येतंय ना?

एक शंका नेहमी निघते, आज तीच सोडवू. शंकेला दोन फाटे आहेत. पहिला असा, की पाप-पुण्य ज्याच्या त्याच्या मनाचं. एकाला वाईट वाटतं ते दुसऱ्याला वाटत नाही. दुसरा असा, की करता-करविता पांडुरंग, तर माझ्या हातून वाईट घडलं त्यात माझा काय दोष?

ही शंका आजची नाही बरं का. ती भरसभेत मांडली दुर्योधनानं. उद्योगपर्वातली कथा. भगवान शिष्टाईला हस्तिनापुरात आलेले. कण्व महर्षी दुर्योधनाला समजावतात, बाबा रे, पांडवांशी गोडीनं राहा. दुर्योधन काय करतो? कर्णाकडं बघून हसतो, आपल्या मांडीवर थाप मारतो आणि म्हणतो, ईश्वरानं मला जसा घडवला तसा मी वागतो, तुमच्या बडबडीनं काय होणार? बघा! वागायचं आपण आणि बिल फाडायचं देवाच्या नावावर! पुढं भगवंतांनाही त्यानं सांगितलं, सुईच्या टोकाखाली येईल एवढी मातीसुद्धा देणार नाही.

हसू नका माउली. आपण दरवर्षी नांगराचं एक तास भावाच्या बांधात जास्त घालतो, ती माती सुईच्या टोकापेक्षा कमी आहे का? भावानं विचारलं तर म्हणायचं, माझ्या मनाला पटलं ते मी केलं. आणि पावसात सगळाच बांध वाहून गेला, की म्हणायचं, देवाची इच्छा!

आता पुढं ऐका. युद्धाचा अठरावा दिवस. गदायुद्ध चाललंय. भीमानं गदा घातली आणि दुर्योधनाच्या मांड्या मोडल्या. कोणती मांडी? जिच्यावर थाप मारली होती तीच! गदायुद्धात नाभीखाली मारू नये असा नियम. मग हाच दुर्योधन जमिनीवर पडून भगवंतांना बोल लावतो, तुम्ही मला अधर्मानं पाडलं, लाज नाही वाटत?

अरे, आता अधर्म कुठून आला? भीमानंही म्हणावं ना, देवानं मला असंच घडवलं! पाप-पुण्य ज्याच्या त्याच्या मनाचं असेल तर तक्रार कुणाकडं करतोस? भाऊ, दुसऱ्याची चप्पल नेणाऱ्याचीही चप्पल देवळाबाहेरून गेली, की तो 'चोर, चोर' म्हणूनच ओरडतो. करताना धर्म मनाचा, सोसताना धर्म सगळ्यांचा. असं नसतं.

आणि व्यासांचा मोठेपणा बघा. आपले पांडव जिंकले म्हणून त्यांनी भीमाचा वार झाकला नाही. तीर्थयात्रेहून आलेले बलरामदादा नांगर उचलून भीमावर धावले, तेही लिहिलं. धर्म आपल्या बाजूचा नसतो माउली. आपल्यालाच त्याच्या बाजूला जावं लागतं. रीती वेगळ्या असतात. कोकणातली वेगळी, देशावरची वेगळी. पण आपल्या ताटातला घास ओढून नेलेला कोणत्या गावात आवडतो?

(गजर – विठोबा रखुमाई)

आता दुसरा फाटा. करतो कोण? गीतेचा अठरावा अध्याय उघडा. भगवान सांगतात, ईश्वर सगळ्यांच्या हृदयात राहून प्राण्यांना यंत्रावर बसवल्यासारखा फिरवतो. झालं, दुर्योधनाची बाजू पक्की! पण थांबा. त्याच्यानंतर दुसऱ्याच श्लोकात तेच भगवान अर्जुनाला सांगतात, सगळं सांगून झालं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. यंत्राला कुणी म्हणतं का, बाबा विचार कर? मोटेला कुणी विचारतं का, पाणी काढू का? ज्याला निवडता येतं त्यालाच असं सांगतात. त्याच अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितलीत. दैव त्यात आहे, पण पाचवं. करताही त्या पाचांत आहे, तो गळलेला नाही.

तुम्ही वारकरी, तुम्हाला वेगळा दृष्टांत कशाला? माउलींच्या पालखीचे मुक्काम ठरलेले. सासवड, जेजुरी, वाल्हे. ते तुमच्या मर्जीनं हलत नाहीत. दिवेघाटाचा चढ तुम्ही केला नाही. पाऊस तुमचा नाही, ऊन तुमचं नाही. पण पाऊल कुणाचं? आणि शेजारचा म्हातारा पाय धरून बसला, तर थांबायचं का पुढं जायचं, हे कोण ठरवतं? तेवढीच जागा देवानं आपल्यासाठी मोकळी ठेवलीय. लहान आहे, पण सगळी भक्ती तेवढ्याच जागेत उभी राहते. जबरदस्तीनं जोडलेल्या हातांना नमस्कार म्हणत नाहीत.

म्हणून माउली, वारी करून घरी जाल, तेव्हा एक करा. भावाला हाक मारा, जुन्या खुणेवर दोघं मिळून दोरी धरा. दोरी तुमच्या बाजूला सरकली तर सरकू द्या. त्या वेळी पांडुरंगाकडं बोट दाखवू नका. तो विटेवर कमरेवर हात ठेवून उभा आहे, तुम्ही काय करता ते बघतोय.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!