परमुलखातील वास्तू
(मंडळाच्या वार्षिक सहलीत बगरू येथे झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाची सहल बगरूला न्यावयाची ठरली, तेव्हा बहुतेकांच्या मनात येथील छिप्यांची छापील कापडे होती. आमच्या मनात मात्र ऑगस्ट १७४८ घोळत होता. याच परिसरात, भर पावसात, माधोसिंहांची बाजू घेऊन मल्हारराव होळकर जयपूरच्या ईश्वरीसिंहांशी लढले. ईश्वरीसिंहांना अटी मान्य कराव्या लागल्या. फौजा निघून गेल्या. राहुट्यांची खूण मागे राहत नसते. जानेवारी १७५१ मध्ये जयपूर शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल झाली, त्यावरून या मुलखात आपण काय पेरले होते ते कळते.

याच मल्हाररावांच्या सूनबाईंनी दुसऱ्याच्या मुलखात जाण्याची निराळी रीत घातली. काशी, गया, सोमनाथ येथे आपली सत्ता नसताना अहिल्याबाईंनी बांधकामे केली. गयेच्या विष्णुपद मंदिरासाठी त्यांनी जयपूरकडचे पाथरवट नेले, अशी परंपरा आहे. जवळच्या पत्थरकट्टी गावी त्यांचे वंशज अजून दगड घडवितात. खजिना माळव्याचा आणि हात जयपूरचे! हे ऐकून येथील एखाद्या जयपूरकराला आपले वाटले तर नवल नाही.

परदेशांतील वकिलाती व राष्ट्रीय संस्था यांच्या इमारतीही याच मापाने मोजाव्यात, असे आम्हांस वाटते. एडवर्ड ड्युरेल स्टोन यांनी बांधलेली अमेरिकेची दिल्लीतील वकिलात १९५९ साली खुली झाली. सभोवार जाळी, आत जलाशयाचा चौक. जाळीमागे काचेच्या भिंती आहेत, म्हणजे ती पुष्कळशी पेहरावासारखीच; तरी पाहुण्याने यजमानाकडील हवेचा विचार केला, हे खरे. पुढे १९९८ मध्ये नैरोबी व दार-ए-सलाम येथील वकिलातींवर बाँबहल्ले झाले आणि भिंतींचे महत्त्व वाढले. लंडनमध्ये २०१८ साली उघडलेल्या अमेरिकन वकिलातीपुढील तळे शोभेइतकेच संरक्षणासाठी आहे. आम्हां गडकोटवाल्यांना खंदकाचे काय कौतुक!

याउलट ब्रिटिश कौन्सिलने दिल्लीतील आपली वास्तू मुंबईत व्यवसाय करणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या कुळातील चार्ल्स कोरिया यांच्या हाती सोपविली. १९९२ साली ती पूर्ण झाली. तिच्या अक्षावर शेवटास हिंदू परंपरेतील बिंदू, मग चारबाग, आणि पुढे युरोपच्या बुद्धिवादी युगाचे चिन्ह आहे. दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन या इंग्रज चित्रकाराच्या कल्पनेचा वटवृक्ष पसरला आहे, तोही आपल्या मकराण्याच्या संगमरवरात आणि काळ्या कडप्प्यात. राज्य करून गेलेल्यांनी इतके नमते घ्यावे, याचे आम्हांस समाधान वाटले. थोडी असूयाही वाटली.

कारण आपल्याही वास्तूचा प्रश्न समोर आहे. नियोजित भवनाला शनिवारवाड्यासारखा दरवाजा असावा, असे मागल्या सभेत ठरले. त्या ठरावाला आम्हीही हात वर केला होता. पन्नास वर्षे भाड्याच्या दिवाणखान्यांतून गणपती बसविणाऱ्यांना दरवाजाची हौस असणारच. पण ज्यांनी १७५१ चे वर्ष पाहिले, त्या शहरात खिळे ठोकलेल्या बुलंद दरवाजाआड आपण बसणार काय? याच कोरियांनी येथे बांधलेले जवाहर कला केंद्र आपण सर्वांनी पाहिले आहे. सवाई जयसिंहांच्या नगररचनेतील नऊ चौकोन त्यांनी घेतले आणि टेकडीपायी बाजूस सरकलेला एक चौकोन ध्यानी ठेवून आपलाही एक सरकविला. तेथूनच आत जाण्याची वाट केली.

तरी ठराव पुन्हा सभेपुढे यावा, अशी आमची सूचना आहे. भवन येथल्याच दगडाचे असावे, मध्ये चौक असावा, तुळशीवृंदावन त्या चौकात असावे, आणि दर्शनी बाजूस शेजारच्या मुलांना येऊन बसता येईल असा ओटा असावा. कार्यवाहांनी नकाशाची घडी सोबत आणली आहेच. जेवणे झाल्यावर ती येथेच उघडावी.