जुनी वही गंगेला सोडू नका
(शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)





मला कीर्तनाचा अधिकार नाही. माझा नाद दुसरा आहे. आपल्या भागात आधी कोण होऊन गेलं, मठ कोणी बांधला, शाळा कोणी काढली, दिंडी कोणी सुरू केली, हे सांगणारी जुनी पुस्तकं, पोथ्या, बाडं, वह्या मी गोळा करतो. मंडळी म्हणाली, त्यावर दोन शब्द बोला. म्हणून उभा राहिलो.

या ग्रंथाची जुळवाजुळव चालू होती तेव्हाची गोष्ट सांगतो. पहिला वीणेकरी आमच्या गावचा, असं दोन गावं म्हणत होती. दोन्हीकडं म्हातारी माणसं शपथेवर सांगणारी. शिळेवर नाव कोणाचं कोरायचं? गोष्ट रुसव्या-फुगव्यावर गेली. तेवढ्यात एका माउलीनं माळवदाच्या घरातल्या देवळीतून एक वही काढून दिली. शिधा-खर्चाची वही. वर ‘सन १३३५’. एक पोरगं आनंदानं ओरडलं, म्हणजे आपली दिंडी सातशे वर्षांची! सगळे हसले. अहो, निजामाच्या राज्यात फसली सन चालायचं. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल निघतं. १३३५ म्हणजे १९२५-२६. शताब्दीचं साल त्या आकड्यानं पक्कं झालं.

आणि वीणेकरी? पहिल्या पानावर माणसाचं एकही नाव नाही. नऊ गावांची नावं आहेत, आणि प्रत्येक गावापुढं ज्वारी किती पायल्या ते लिहिलंय. ज्या दोन गावांचा वाद होता ती दोन्ही त्यात आहेत, शेजारी शेजारी. पुढच्या पानांवर खर्च ‘हाली’त मांडलाय. बार्शीच्या पुढं तोच ‘कलदार’ होतो, कारण तिथून इंग्रजी मुलूख लागायचा आणि आपला निजामी रुपया तिथं बदलून घ्यावा लागायचा. आपले आजे-पणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालत जाऊन पांडुरंगाला भेटत होते, हे त्या दोन शब्दांनी सांगितलं. वाद तिथंच मिटला. शिळेवर आता नऊ गावं आहेत.

म्हणून म्हणतो, वही नसली की ज्याचा आवाज मोठा त्याचा इतिहास होतो. वही असली की पायलीभर ज्वारी देणाऱ्या गरिबालाही त्यात जागा मिळते.

हे काम आपल्या संप्रदायाला नवं नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नकला करता करता पाठ बिघडले होते. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, म्हणून आज आपण पारायणाला बसतो. तुकोबारायांच्या अभंगांची मोठी आवृत्ती १८६९ साली मुंबईला इंदुप्रकाश छापखान्यात निघाली, ती देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या जुन्या वह्या मिळवून. पुढं वि. ल. भाव्यांनी संताजी तेली जगनाड्यांच्या वह्यांवरून अभंग छापले. कोणीतरी घरात जपलं, कोणीतरी दारात जाऊन मागितलं, तेव्हा ते आपल्यापर्यंत आलं.

आणि आपला मराठवाडा या बाबतीत काही रिकामा नव्हता. परांड्याजवळ डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्यावरून १९०५ साली दासबोध छापला. इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली ती बीडच्या पाटांगणावर. १९०९ साली त्यांनी ती छापून काढली. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर कापडाच्या लांबलचक पासोडीवर पंचीकरण लिहिलं. ते कापड तिथं साडेतीनशेवर वर्षं जपलं गेलं, मग न. शे. पोहनेरकरांनी संपादून छापलं. लातूरहून अंबाजोगाई किती लांब आहे? आपल्यातल्या कितीजणांनी पासोडीचं नाव ऐकलंय?

पण गेलं त्याचाही हिशोब मोठा आहे. रझाकारांच्या काळात आणि १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घरं जळाली, कोणा एकाच समाजाची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीची घरं बसली. माणसांचंच दुःख एवढं मोठं होतं, की देव्हाऱ्यातल्या पोथीची चौकशी कोण करणार? आग आणि भूकंप आपल्या हातात नव्हते. पण दोन वाटा आपल्या हातातल्या आहेत. एक रद्दीची, आणि दुसरी गंगेची.

रद्दीचं सगळ्यांना कळतं. गंगेचं बोलतो, राग मानू नका. आजोबा गेले की त्यांची पोथी, भजनाची वही फडक्यात बांधून गोदावरीला सोडायची, अशी आपल्याकडं रीत पडलीय. भाव चांगलाच आहे, पायदळी येऊ नये म्हणून. पण माउली, तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या, हे ऐकताना आपले डोळे भरून येतात. त्या तरल्या म्हणून आपण टाळ्या वाजवतो. आणि आपल्याच घरची वही आपल्याच हातानं बुडवतो! ती तारायला दरवेळी पांडुरंगानं यावं काय? त्यानं आपल्याला हात दिलेत की.

काय जपायचं, ते सांगतो. नुसती पोथी नाही. भजनाची वही, जात्यावरच्या ओव्या लिहिलेली मायची वही, सप्ताहाची पत्रिका, मठाचं छापील चरित्र, शाळेची स्मरणिका, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या माणसांच्या आठवणींची पुस्तकं. कागद मोडीत असला, उर्दूत असला, तरी ‘आपल्याला वाचता येत नाही’ म्हणून टाकू नका. निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत चालायचं. गावात उर्दू जाणणारे वडीलधारे चाचा असतील, त्यांच्याजवळ बसा. ते प्रेमानं वाचून देतील. शक लिहिला असेल तर त्यात ७८ मिळवा, फसलीचं मघाशी सांगितलंच.

जपायचं कसं? फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पुढं कागद खाते. पूजा करा, पण हळद-कुंकू आणि तेलाचा हात पानाला लागू देऊ नका. सुती फडक्यात, दोन पाट्यांमध्ये बांधून कोरड्या जागी ठेवा, सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला. पावसाळा सरला की सावलीत उघडून वारा द्या. घरातल्या पोराला मोबाईलवर पानापानाचा फोटो काढायला लावा. आणि एका चिठ्ठीवर गाव, घर, कोणाची वही, एवढं लिहून आत ठेवा. मूळ वही कोणाला, मलासुद्धा, देऊ नका. तुमच्या घरची लक्ष्मी तुमच्याच घरात राहू द्या. सांभाळणारं कोणीच नसेल, तर विद्यापीठाकडं किंवा संशोधन मंडळाकडं द्या आणि पावती घ्या.

आता एक मागणं. गावोगावी आपला अखंड हरिनाम सप्ताह असतो. यंदापासून काल्याच्या आदल्या दिवशी मंदिरात एक सतरंजी टाका. ज्याच्या घरात जुनं पुस्तक, पोथी, वही असेल त्यानं आणून मांडावी. एकानं यादी करावी, एकानं फोटो काढावेत, सगळ्यांनी दर्शन घ्यावं, आणि संध्याकाळी ज्याची त्यानं घरी न्यावी. वर्गणी नाही, मंडप नाही. नऊ गावांनी एवढं केलं तरी पुढच्या शताब्दीला आपल्या नातवंडांना शपथा घ्याव्या लागणार नाहीत.

बोलण्यात अधिक-उणं झालं असेल ते पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! रामकृष्ण हरि.