अठ्ठ्याहत्तर पानांची ओळख



टॅरोचा नवा कॅट उघडला की मोठ्या पानांत सगळ्यात आधी एक तरुण भेटतो. अंगात फुलाफुलांचा झगा, खांद्यावर काठी, काठीच्या टोकाला लहानसं गाठोडं आणि डाव्या हातात पांढरा गुलाब. मागे सूर्य तळपतोय, पायाशी पांढरं कुत्रं उड्या मारतंय, आणि हा तरुण मान वर करून कड्याच्या अगदी टोकाशी आलाय. पुढचं पाऊल कुठे पडणार, इकडे त्याचं लक्षच नाही. पानाच्या माथ्यावर शून्य हा आकडा आहे आणि तळाशी नाव आहे ‘द फूल’.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही म्हणून ते बोलून दाखवावं लागलं. टॅरो शिकणाऱ्याचा पहिला धडाही नेमका हाच असायला हवा: समोरच्या पानावर जे दिसतं ते मोठ्याने, आपल्या शब्दांत सांगायचं. नवशिके बहुतेकदा याच्या उलट सुरुवात करतात. कॅटसोबत आलेली पुस्तिका उघडायची, ‘फूल म्हणजे नवी सुरुवात, भाबडेपणा, धाडस’ असं वाचायचं आणि घोकायला बसायचं. पानं ७८. प्रत्येकाचा सरळ अर्थ एक, उलटं पडलं तर दुसरा. म्हणजे पाठांतर झालं १५६ अर्थांचं. एवढं ओझं घेऊन फार पुढे जाता येत नाही. थोड्याच दिवसांत कॅट कपाटात जातो. वाईट याचं वाटतं की या पानांवरची चित्रं पाठांतराची गरजच पडू नये अशा बेताने काढलेली आहेत.

आधी कॅटची रचना बघू. ७८ पैकी ५६ पानं आपल्या घरातल्या पत्त्यांच्या जवळची आहेत. चार रंग, प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि वर चार माणसं: पेज, नाइट, राणी आणि राजा. इस्पिक-बदामऐवजी इथे काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी आहेत. शिकवणारे त्यांना वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स म्हणतात. काठ्यांकडे उमेद आणि कामाची ऊर्जा, पेल्यांकडे भावना आणि नाती, तलवारींकडे विचार आणि संघर्ष, नाण्यांकडे पैसा, शरीर, घरदार. सुरुवातीला एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. उरलेली २२ पानं नावाची आहेत: जादूगार, सम्राज्ञी, न्याय, मृत्यू, चंद्र, सूर्य अशी. यांना मेजर अर्काना म्हणतात, आणि ५६ पानांना मायनर अर्काना.

ही २२ पानं आली कुठून, हे नवशिक्याने जरूर समजून घ्यावं, कारण याबाबत त्याच्या कानावर बरंच काही चुकीचं पडतं.

ती आली खेळातून. पंधराव्या शतकात इटलीतल्या मिलान, फेरारा, फ्लॉरेन्स या शहरांत पत्त्यांचा एक खेळ रंगत होता. फ्लॉरेन्समधली त्याची नोंद १४४० सालची आहे. मेंढीकोट खेळणाऱ्याला हा डाव चटकन समजेल. आपल्याकडे हुकूम डावागणिक बदलतो, तिथे हुकमाची २१ पानं कायमचीच ठरलेली होती, आणि फूल हे त्या सगळ्यांहून निराळं पान होतं. मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी हाताने रंगवलेला, सोन्याचा वर्ख दिलेला एक कॅट आजही बराचसा शिल्लक आहे. त्यातली ७४ पानं टिकली. ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कर्रारात आणि उरलेली १३ एका इटालियन घराण्याकडे. फ्रान्समध्ये टॅरो आजही पत्त्यांचा डाव म्हणून खेळला जातो. चौघांना प्रत्येकी १८ पानं वाटायची आणि सहा मधे ठेवायची, की ७८ची बेरीज जुळते.

मग इजिप्तचं काय? टॅरो म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान, असं अनेकांनी ऐकलेलं असतं. हे मत पॅरिसमध्ये १७८१ साली आन्त्वान कूर द जेबेलँ या विद्वानाने मांडलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती; शाम्पोलियाँने ती उलगडली १८२२मध्ये. म्हणजे ज्या ग्रंथांचा हवाला दिला जात होता, ते वाचणारा माणूस जगात नव्हता. तरी कल्पना अशी मोहक होती की ती पसरली. लगोलग ‘एतेया’ या नावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या एका ज्योतिष्याने टॅरोवरून भविष्य कसं सांगावं यावर पुस्तक काढलं, आणि खेळाची पानं भविष्याच्या चौरंगावर जाऊन बसली. इजिप्तशी एक खरा धागा आहे, पण तो फार साधा आहे. पेले, तलवारी, नाणी आणि पोलोच्या काठ्या हे चार रंग मामलुक सुलतानांच्या काळातल्या इजिप्तमधल्या खेळाच्या पत्त्यांवर होते. तसा एक कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेला आहे. युरोपने पोलो पाहिला नव्हता, म्हणून तिथे पोलोच्या काठीची साधी काठी झाली.

हे पत्ते वाचायचे कसे, यात खरा बदल झाला १९०९ साली लंडनमध्ये. तोवर ५६ पानांतल्या लहान पानांवर सहसा फक्त खुणा असत. पेल्यांची पंजी म्हणजे पाच पेले, बस. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. त्या १२० गोल पानांत दहा अवतारांचे दहा रंग असतात, आणि साध्या पानांवर त्या त्या अवताराची खूण मोजून पानाचा आकडा ओळखायचा असतो. खेळायला तेवढं पुरतं. अर्थ सांगायला मात्र पाच पेल्यांकडे बघून काही सुचत नाही, आणि मग पाठांतर आलंच.

आर्थर एडवर्ड वेट हे गूढविद्येचे अभ्यासक होते. त्यांनी आखलेल्या नव्या कॅटसाठी पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीने चित्रं काढली, आणि प्रत्येक लहान पानावर एक प्रसंग उभा केला. पामेला यांचा जन्म १८७८चा, लंडनमधला. बालपणीचा काही काळ जमैकात गेला, कलेचं शिक्षण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झालं. पुढे लंडनच्या लायसियम नाटक कंपनीत एलन टेरी, हेन्री अर्विंग यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०७मध्ये आपल्या दालनात त्यांची चित्रं लावली होती. रंगमंचाची ही सवय त्यांच्या पानांत उतरलेली दिसते: माणूस कुठे उभा आहे, कुणाकडे पाठ करून आहे, हात कसा धरलाय, यातून प्रसंग बोलतो. इटलीतल्या ‘सोला बुस्का’ या पंधराव्या शतकातल्या कॅटची छायाचित्रं १९०७मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. पामेला यांची तलवारींची तिर्री, म्हणजे तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय, त्या कॅटमधल्या पानाशी फार जुळते. तेव्हा ती छायाचित्रं त्यांनी पाहिली असणार, असं मानायला जागा आहे.

एवढ्या कामाचा मोबदला अगदीच तुटपुंजा मिळाला, असं त्यांनी स्टिग्लिट्झना पत्रातून कळवलं होतं. १९५१मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी त्या वारल्या, तेव्हा हातात पैसा नव्हता. त्यांच्या चित्रांचा कॅट आज जगातल्या सर्वांत प्रसिद्ध टॅरो कॅटपैकी एक आहे, पण कित्येक दशकं तो ‘रायडर-वेट’ म्हणून विकला गेला: प्रकाशकाचं नाव आणि लेखकाचं नाव. हा अन्याय आहे. पानांच्या कोपऱ्यात वळणदार सहीच्या आकारात त्यांची आद्याक्षरं आहेत. शिकणाऱ्याने ती शोधावीत आणि हे नावही शिकावं.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे येऊ. समजा, एखादी मुलगी विचारते आहे: गाव सोडून दुसऱ्या शहरातली नोकरी घ्यावी का? कॅट पिसला, कापला, तीन पानं ओळीने मांडली. पहिली आली पेल्यांची पंजी. काळी शाल पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. समोर तीन पेले सांडलेत. मागे दोन पेले तसेच उभे आहेत, पण त्याची त्यांच्याकडे पाठ आहे. पलीकडे नदी, नदीवर पूल आणि पुलापार एक घर. दुसरी आली तलवारींची छक्की. एक नावाडी नाव ढकलतोय, नावेत अंग चोरून बसलेली बाई आणि लेकरू, आणि त्यांच्यापुढे नावेत रोवलेल्या सहा तलवारी. नावेच्या एका अंगाला पाण्यावर लाटा आहेत, दुसऱ्या अंगाला पाणी संथ. तिसरी आली नाण्यांची अठ्ठी. बाकावर बसलेला कारागीर हातोडी-छिन्नीने एक नाणं घडवतोय, तयार झालेली शेजारी टांगलेली आहेत, आणि गाव दूर मागे राहिलंय.

पुस्तिका न उघडताही या तिन्ही पानांतून प्रश्न सुचतात. काय सांडलं आणि काय अजून शाबूत आहे? त्या तलवारी नावेतून उपसल्या तर भोकं पडून पाणी आत येईल. मग कोणती जुनी दुखणी सोबत घेऊनच निघावं लागणार आहे? नव्या जागी रोजचं एकसुरी काम मन लावून करायची तयारी आहे का? यात ‘नोकरी मिळेल’ किंवा ‘नाही मिळणार’ असं कुठेच आलं नाही. यायलाही नको, कारण पिसलेल्या पानांना ते ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण मुलगी आता अशा गोष्टींवर बोलायला लागेल, ज्या मघापर्यंत तिने स्वतःशीही नीट बोलून पाहिल्या नव्हत्या. टॅरोचं खरं बळ एवढ्यात आहे, आणि ते थोडं नाही.

मृत्यूच्या पानाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण ते पडलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. पांढऱ्या घोड्यावर काळं चिलखत घातलेला सांगाडा, हातातल्या झेंड्यावर पांढरं फूल. राजा आडवा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणीने तोंड फिरवलंय, लहान मूल मात्र निर्धास्तपणे वर बघतंय. मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे. वाचणारे हे पान एखादं पर्व संपण्याचं मानतात. नवशिक्याने ते लपवू नये आणि त्यावरून कुणाच्या आयुष्याच्या दोरीबद्दल एक अक्षरही काढू नये.

इथे एका प्रयोगाची आठवण ठेवलेली बरी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८मध्ये ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक स्वभाववर्णन दिलं. ते कितपत जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बराचसा बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातला होता. ‘तुमच्यात न वापरलेली क्षमता आहे’ यासारखी वाक्यं सगळ्यांनाच लागू पडतात. म्हणून ‘किती बरोबर सांगितलंत!’ ही दाद मिळाली की नवशिक्याने हुरळून जाऊ नये. समोर बसणारा माणूस पुष्कळदा दुःखात किंवा काळजीत असतो आणि त्याला विश्वास ठेवायचाच असतो. त्या विश्वासावर ग्रहशांती, खडे किंवा महागडे तोडगे विकणं ही उघड लूट आहे.

कॅट कोणता घ्यावा? पहिला कॅट भेट म्हणूनच मिळाला पाहिजे, ही समजूत सोडून द्यावी. स्वतः विकत घ्यावा. सुरुवातीला पामेला यांच्या चित्रांचाच घ्यावा, कारण बहुतेक पुस्तकं त्यालाच धरून आहेत. मार्सेय पद्धतीच्या कॅटमध्ये लहान पानांवर फक्त खुणा मिळतील. शिवाय त्यात न्याय आठवा आणि बळ अकरावं आहे, वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. गूढविद्येवर लिहिणारे ॲलिस्टर क्रोली यांच्यासाठी फ्रीडा हॅरिस यांनी रंगवलेला थॉथ कॅट सुंदर आहे, पण त्याला पूर्वतयारी लागते. पुण्याच्या ओशो आश्रमाच्या परंपरेतला ‘ओशो झेन टॅरो’ आपल्याकडे दुकानांत सहज दिसतो. त्यात ७९ पानं आहेत आणि रंग आहेत अग्नी, पाणी, ढग, इंद्रधनुष्य. त्याचे अर्थ त्याच्याच पुस्तकातून घ्यावेत.

सुरुवात रोज एका पानाने करावी. सकाळी एक पान काढायचं, वहीत तारीख घालायची, आणि चित्रात काय दिसलं ते चार ओळींत लिहायचं. रात्री त्याखाली दिवसात खरोखर काय घडलं ते लिहायचं. जुळलं नाही तर तसंच लिहायचं. ओढूनताणून जुळवायचं नाही. मग तीन पानं. दहा पानांची ‘केल्टिक क्रॉस’ मांडणी सगळ्यांना खुणावते. वेट यांनी तिला प्राचीन म्हटलं असलं तरी युरोपात पत्ते आले तेच चौदाव्या शतकात. तिची घाई करू नये. वहीत ७८पैकी बहुतेक पानं निदान एकदा येऊन गेली, की दहा पानं एकमेकांशी काय बोलतात ते ऐकू यायला लागतं, आणि तोवर पुस्तिकाही खुशाल उघडावी: आपण काय पाहिलं आणि वेट यांनी काय लिहिलं, हे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात मोठी गंमत आहे.