चैत्रातली घरची बाग



या व्यासपीठावर आम्ही पूर्वी बोललो ते बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी कामगार या विषयांवर. यंदा चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘घरची बाग’ असे सांगितले. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. संघटनेचा माणूस मोगऱ्यावर काय बोलणार, अशी शंका त्यांना आली असावी, आणि ती अगदीच गैर नव्हती.

आमची बाग म्हणजे सातपूरच्या बैठ्या घरापुढची दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब जागा. अर्धी कापलेली तेलाची पिंपे, रंगाचे रिकामे डबे आणि दहाबारा कुंड्या. आमची शाळा सातवीला सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा वनस्पतिशास्त्र आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. जे हातून बिघडले ते मात्र आम्ही चोख सांगू शकतो.

बागेला खतापेक्षाही आधी वेळ लागतो, आणि कामगाराला तो रविवारी मिळतो. हा रविवारसुद्धा आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी गिरणी कामगारांना एकत्र केले, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. खुरपे हाती घेतले की आम्हांस हे आठवते. शेजारी म्हणतात, हा झाडाखालीसुद्धा सभा घेतो.

पाडवा झाला की कामे अंगावर येतात. हिवाळ्यातले टोमॅटो तोवर थकलेले असतात. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे गेला की टोमॅटोचे फूल धरत नाही, गळते. ते झाड मायेपोटी ठेवू नये, उपटावे. त्या जागी भेंडी, गवार लावावी. ती उन्हाला दबत नाहीत. अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. दुधी आम्ही मात्र फाल्गुनातच लावतो. पिंप आधीच भरून ठेवलेले असते आणि आम्हांस धीर नसतो.

या दुधीनेच आम्हांस पहिला धडा दिला. वेल मांडवावर चढला, पांढरी फुले भरभरून आली आणि दुधी एकही नाही! आमच्या सौभाग्यवतींनी दृष्ट काढण्याची तयारी केली. वास्तविक आधी येतात ती नुसती नरफुले. मादीफूल मागाहून येते, आणि त्याच्या देठाशी करंगळीएवढा दुधी असतो, त्यावरून ते ओळखावे. पण तेही पिवळे पडून गळू लागले. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते आणि रात्रीचे पतंग त्याचा पराग इकडून तिकडे नेतात. आमच्या गल्लीत पतंग येतात ते दिव्याच्या खांबापाशी. मांडवाकडे फिरकत नाहीत. मग दुसरी पाळी सुटून घरी आलो की आम्ही कंदील, म्हणजे आताचा मोबाइलचा दिवा, घेऊन मांडवाखाली उभे राहू लागलो. नरफूल खुडावे, पाकळ्या काढाव्यात आणि त्याचा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलके फिरवावा. पहिल्या आठवड्यात चार दुधी धरले. रात्री पावणेबाराला हे करताना पोलिसांची गाडी एकदा थांबली होती. काय चालले आहे, ते सांगता सांगता आमची जी त्रेधा उडाली, ती कोणत्याही घेरावात उडाली नव्हती.

पाण्याचे काय? उन्हाळ्यात आमच्याकडे नळ एक दिवसाआड. पिंपाच्या मध्ये कच्च्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे, नाहीतर डास होतात. ते झिरपत राहते व मुळे आपल्याला हवे तेवढे घेतात. आम्ही प्रथम पुरले ते लग्नातले रंगवलेले मडके. चार दिवस पाणी तसूभर उतरले नाही आणि भोवतीची भेंडी माना टाकून बसली. रंगाने मडक्याची छिद्रे बुजतात, हे पोरालाही कळावे. आम्हांस कळले नाही.

आता मोगऱ्याकडे येतो. तो आमचा नव्हे. सव्वीस वर्षे आमच्या शेजारच्या लेथवर उभ्या राहिलेल्या एका मित्राचा आहे. त्याच्या पत्नीने माहेराहून फांदी आणून तो लावला होता. ती बाई २०२१ साली गेली. २०२३ साली कारखान्याला टाळे लागले, मित्र सिन्नर तालुक्यातल्या गावी परतला. तिकडे चैत्रापासून टँकर; म्हणून पिंप आमच्या दारी ठेवून म्हणाला, “दादा, एवढा सांभाळा.” हिशेबाच्या रकमेसाठी आम्ही अजून भांडत आहोत. ती मिळवून देता आलेली नाही, तेव्हा निदान मोगरा तरी नीट राहावा, असे आम्हांस वाटत होते.

मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. जानेवारीत छाटावा, थोडा पाण्याचा ताण द्यावा, मग शेणखत घालून पाणी सुरू करावे. मार्चअखेर कळ्या लागतात. यंदा जानेवारी-फेब्रुवारी कराराच्या बोलण्यांत गेले. छाटणी झाली ती होळीनंतर. हा उशीर भरून काढावा म्हणून आम्ही आच्छादनाची घाई केली. कोपऱ्यावरच्या रसवाल्याने उसाच्या चिपाडांचे पोते फुकट दिले, ते ओलेच पसरले. दोन दिवसांत मुंग्यांची रांग लागली. मुंग्या आल्या की पिठ्या ढेकूण फोफावतो. त्याच्या अंगातून झरणारा गोड चिकटा त्या खातात आणि त्याच्या शत्रूंना हाकलतात. जास्वंद पांढरी झाली, मागोमाग मोगऱ्याची कोवळी फूट.

तेव्हा आम्ही कडुनिंबाचे तेल काढले. लिटरभर पाण्याला पाच मिलिलिटर आणि थोडे साबणाचे पाणी, हे आम्हांस ठाऊक होते. पण सभेला जायचे होते, तेल अंदाजाने ओतले आणि भर दुपारी फवारले. मंगळवारपर्यंत पाने कडेने करपली. तेल आणि ऊन यांची गाठ घालू नये. ऊन उतरल्यावर फवारावे, आधी एकाच फांदीवर पाहावे. खरे तर धारेने धुऊन आणि ओल्या फडक्याने पुसूनच बरेचसे काम झाले असते. चिपाडे आधी धुऊन वाळवावीत, हे वेगळे सांगावयास नको.

गेल्या रविवारी मित्र आला. आम्ही दारातच सगळे सांगून टाकले. बायकोने लावलेल्या झाडाबद्दल थाप मारणे बरे नव्हे. तो काही बोलला नाही. पिंपापाशी बसला, नखाने एक फांदी खरवडली, दुसरी खरवडली. आत हिरवे होते. दोन फांद्या वाळल्या होत्या, त्या त्याने स्वतः कात्रीने काढल्या. खाली, अगदी मातीलगत, तांदळाएवढे तीन कोंब त्यानेच आम्हांस दाखवले.

आम्ही म्हणालो, “घेऊन जायचा असेल तर टेम्पो बघतो.”

“या उन्हात कोठे हलवता?” तो म्हणाला. “आषाढात पाऊस लागला की येतो. तोवर संध्याकाळचेच पाणी घाला, दादा. आणि तेलाची बाटली वहिनींकडे देऊन ठेवा.”

बाटली त्याच संध्याकाळी सौभाग्यवतींच्या ताब्यात गेली. आज नळाचा दिवस आहे. अध्यक्षांनी परवानगी दिली, तर मडके भरावयास आम्हांस वेळेवर घरी पोहोचता येईल.