पदपथाची वाटणी: कोणाचे काढून कोणाला?



शहरातील रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याची रुंदी मर्यादित असते आणि दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्यावर ती सहसा वाढविता येत नाही. त्यामुळे या रुंदीतील कोणता हिस्सा कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही. तो वाटपाचा, म्हणजेच अर्थकारणाचा व राजकारणाचा प्रश्न होतो. पदपथ काढून त्या जागी पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी सामाईक मार्ग करण्याची कल्पना शहरांत वरचेवर पुढे येते. तीही याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्यातला कामगार, कचेरीतला कारकून, महाविद्यालयातला विद्यार्थी आणि त्याला शिकविणारा प्राध्यापक हे सारे एकाच वाहनावरून जात. पुढे स्कूटर आली, मोटार आली, आणि सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली गेली. २००६ साली स्वारगेट-कात्रज रस्त्यावर जलद बससेवेसाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. त्या योजनेबरोबर सायकलमार्गही आखले गेले. पण अनेक ठिकाणी ते पदपथाला चिकटून किंवा पदपथाच्याच अंगातून काढलेले होते. त्यांत विजेच्या पेट्या आल्या, झाडे आली, बसथांबे आले, उभ्या केलेल्या दुचाक्या आल्या; प्रत्येक फाटकापाशी मार्ग तुटला. परिणामी सायकलस्वार पुन्हा मोटारींच्या गर्दीत उतरला आणि पादचाऱ्याची वाट तेवढी अरुंद झाली. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. कागद उत्तम होते. पण कागदावरचा न्याय रस्त्यावर उतरवायचा तर कोणाच्या तरी हिश्शाला हात घालावा लागतो.

तो हिस्सा कोणाचा, हे २०११ च्या जनगणनेने दाखवून दिले आहे. शेती व घरगुती उद्योग वगळता अन्य कामे करणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक देशात पायी कामावर जात होते आणि सुमारे १३ टक्के सायकलने. मोटार, जीप यांसारख्या चारचाकीने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी होते. असे असता शहरातील रस्त्याचा सर्वांत मोठा भाग मोटारीसाठी राखला जातो आणि ती धावत नसते तेव्हा तिला उभे राहण्यासाठीही सार्वजनिक जमीन बहुधा फुकट मिळते. एका मोटारीला उभे राहण्यास सुमारे बारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात दहा सायकली सहज मावतात. झोपडीखालच्या जमिनीचा हिशेब मागणारी व्यवस्था मोटारीखालच्या जमिनीचे भाडे मागत नाही. अर्थशास्त्रात याला अनुदान म्हणतात, आणि हे अनुदान सधनांना मिळते.

पदपथाचा सामाईक मार्ग झाला म्हणजे या वाटपाला धक्का लागत नाही. पायी चालणाऱ्याच्या ताटातला घास काढून तो सायकलस्वाराला दिला जातो. दोघेही वंचित, आणि भांडण त्यांच्यातच लागते. पायी चालणाऱ्याचा वेग तासाला पाच किलोमीटरच्या आसपास, सायकलीचा पंधराच्या. काठी टेकीत जाणारा वृद्ध, अंध माणूस, कडेवर मूल घेतलेली स्त्री यांना पाठीमागून येणारी सायकल दिसत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूत्रांनी केवळ चालण्यासाठीच किमान १.८ मीटर अडथळाविरहित रुंदी सांगितली आहे. जिथे तेवढीही मिळत नाही, तिथे सायकलीला कोठून जागा देणार?

परदेशांतील दोन अनुभव येथे बोलके आहेत. १९७० साली जपानमध्ये रस्त्यांवरील अपघातांत सोळा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथील शासनाने कायदा बदलून ठरावीक पदपथांवर सायकलींना मुभा दिली. मोटारीचा मार्ग मोकळा राहिला. पुढे पादचारी व सायकलस्वार यांच्या टकरींचा प्रश्न उभा राहिला आणि २०११ साली पोलीस खात्याला सायकलींनी मूलतः रस्त्यावरूनच जावे असा आग्रह धरावा लागला. नेदरलंड्समध्ये १९७१ साली तीन हजारांहून अधिक माणसे अशीच दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेथे आईबाप रस्त्यावर उतरले. त्या चळवळीच्या आणि १९७३ च्या तेलसंकटाच्या रेट्याने शहरांनी हळूहळू मोटारीकडून जागा काढून घेतली आणि सायकलीला स्वतंत्र मार्ग दिले. संकट एकच होते. ओझे कोणी वाहायचे याचा निर्णय मात्र वेगळा झाला.

याचा अर्थ सामाईक मार्ग सर्वत्र त्याज्य आहे असा नाही. नदीकाठी किंवा कालव्याच्या कडेने, जिथे रुंदी भरपूर आणि वर्दळ विरळ आहे, तिथे तो उपयोगी ठरतो. परंतु बाजारपेठेत, शाळा, रुग्णालये व कारखाने यांच्या रस्त्यांवर तो अन्यायच ठरेल. सायकलस्वाराला पदपथावर चढू नको म्हणून दटावणेही योग्य नव्हे; दूध घालणारा मुलगा आणि रात्रपाळीचा पहारेकरी तिथे चढतात ते मोटारीच्या भयाने. त्यांना सुरक्षित जागा मिळालीच पाहिजे. ती वाहनतळासाठी वापरल्या जाणाऱ्या पट्टीतून मिळावी.

केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांना महत्त्व देऊन रस्त्याच्या जागेचे न्याय्य वाटप करण्याचे तत्त्व मान्य केले आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. कायद्याचा आधार आहे. उणीव आहे ती लोकांच्या दडपणाची. पदपथ मोकळे करण्याच्या नावाखाली फेरीवाल्याला हुसकावणे हेही त्या निर्णयाचे सोपे आणि सोयीचे वाचन होईल. २०१४ च्या कायद्याने त्याच्या उपजीविकेलाही संरक्षण दिलेले आहे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील एक रस्ता निवडावा. टेप घेऊन त्याची रुंदी मोजावी: चालण्यासाठी किती, सायकलीसाठी किती, धावत्या मोटारीसाठी किती, उभ्या मोटारीसाठी किती. त्याच रस्त्याने तासाभरात किती माणसे पायी गेली, किती सायकलने, किती बसने आणि किती मोटारीने, हेही मोजावे. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून प्रभागाच्या सभेत मांडावेत आणि नगरसेवकाला त्यांचे उत्तर मागावे. जमिनीच्या फेरवाटपाची मागणी खेड्यात जितकी न्याय्य होती, तितकीच ती शहराच्या रस्त्यावरही आहे.