खपली गहूं आणि काळा तांबेरा

सोलापूरच्या काळ्या जमिनीचें रब्बीचें खरें पीक ज्वारी. गव्हाला तेथें मान दुय्यमच. तरीहि विहिरीच्या पाण्यावर खपलीचा एखादा तुकडा कोठें कोठें दिसतो. सणावारीं हुग्गी शिजते ती याच गव्हाची. कांडल्यावांचून त्याचें टरफल सुटत नाहीं, उताराहि बेताचा. म्हणून नव्या वाणांनीं त्याला मागें सारलें. परंतु या धान्याची कीर्ति सोलापूरच्या वेशीपलीकडे फार दूर गेलेली आहे, आणि तिचें कारण तांबेरा हा रोग होय.

तांबेरा ही बुरशी. तिचे तीन प्रकार. त्यांतील काळा तांबेरा खोडावर पडतो. त्याला ऊबदार हवा मानवते, आणि त्याच्या तावडींत सांपडलेल्या पिकाचा दाणा पोचट राहतो. आग्र्याचे प्राध्यापक कर्मचंद मेहता यांनीं दाखवून दिलें कीं, मैदानांतील उन्हाळ्यांत ही बुरशी तगत नाहीं. डोंगरांच्या थंडाव्यांत ती जगते व तेथून वाऱ्याबरोबर खालीं उतरते. दक्षिणेंत निलगिरी व पळणी हे तिचे आश्रय. शत्रु वाऱ्यावरून येत असल्यावर कुंपणाचा उपयोग काय? प्रतिकार पिकाच्या अंगींच हवा.

हा प्रतिकार आनुवंशिक असतो, हें केंब्रिजच्या बिफेन यांनीं पिवळ्या तांबेऱ्याच्या बाबतींत १९०५ सालीं सिद्ध केलें. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंत स्टेकमन व लेव्हिन यांनीं काळ्या तांबेऱ्याच्या उपजाती ओळखण्यासाठीं बारा गहूं निवडले; त्यांत खपली होती. ऑस्ट्रेलियांत वॉटरहाउस यांनीं तिचा तेथील गव्हाशीं संकर करून ‘खपस्टीन’ निर्माण केला. हें काम सोपें नव्हतें. खपलीच्या पेशींत २८ गुणसूत्रें, पावाच्या गव्हांत ४२. अशा विजोड विवाहाची संतति बहुधा वांझ निघते.

खपलीच्या ठायीं दोन रक्षक गुण सांपडले: एसआर १३ व एसआर १४. त्यांचें स्थान कसें शोधतात? सिद्धेश्वराच्या यात्रेस निघालेल्या गाड्यांची रांग कल्पावी. पिढीगणिक ती रांग कोठेंतरी तुटते व दुसऱ्या रांगेशीं जोडली जाते. लगतच्या गाड्या सहसा बरोबर राहतात, लांबच्या दुरावतात. निरोगी व रोगट गव्हांच्या संकरांतील हजारों रोपें तपासून रोगप्रतिकाराबरोबर कोणती खूण नित्य येते, हें पाहिलें म्हणजे त्याची जागा कळते. याच मार्गानें एसआर १३ सहाव्या ‘अ’ गुणसूत्राच्या लांब भुजेवर सांपडला, आणि २०१७ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं तो जनुक नेमका वेगळा काढला. आतां पैदासकार कोवळ्या पानाच्या तुकड्यावरूनच हव्या त्या रोपाची निवड करूं शकतो. रोग पडण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

याचें मोल युगांडांत कळलें. तेथें १९९८ सालीं काळ्या तांबेऱ्याची एक नवी उपजात आढळली. जगांतील अनेक नामांकित गहूं तिच्यापुढें हतबल ठरले. एसआर १३ टिकला. मात्र इथिओपियांतील दुसऱ्या एका उपजातीपुढें त्याचीहि मात्रा चालत नाहीं. बुरशी बदलते, म्हणून एकाच पहारेकऱ्यावर विसंबणें धोक्याचें. एका वाणांत दोन-तीन जनुक गुंफावे लागतात, आणि ते जुन्या वाणांतूनच यावयाचे.

पुण्याच्या आघारकर संस्थेनें एमएसीएस २९७१ ही बुटकी खपली काढून शेतकऱ्याची अडचण कांहींशी कमी केली आहे. तथापि गांवोगांवच्या जुन्या बियाण्याची जागा कोणतीहि एक जात घेऊं शकत नाहीं. कणगीच्या तळाशीं राहिलेलें असें बीं शेतकऱ्यानें एका वाफ्यापुरतें तरी दरसाल पेरावें. पुढच्या तांबेऱ्यावरचा उतारा त्यांतच दडलेला असेल.