यंत्राची नजर आणि पारखी माणूस
(शहाड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



यंत्रे आता पाहू आणि शिकू लागली आहेत, हा आजचा विषय. शहाडात तो मांडावयाचा तर सुताचाच दाखला घेतला पाहिजे. येथे १९५६ साली सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि आसपासच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली.

रेयॉनची कृती आपणांपैकी पुष्कळांस पाठ असेल. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया करून होणारा दाट रस बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडला, की त्याचा तंतू बनतो. १२० डेनिअरचे सूत म्हणजे ९,००० मीटर लांबीचे वजन अवघे १२० ग्रॅम! त्यातील एखादा तंतू तुटून केसासारखा वर आला तर पुढे मागावर धागा अडकतो. रंग कमी-अधिक धरणारे सूत मिसळले तर कापडावर पट्टे उमटतात. म्हणून बांधणीपूर्वी सूत पारखणे आले. ही पारख माणसाच्या डोळ्याची. आणि डोळा पाळीच्या अखेरीस थकतो.

कॅमेरा थकत नाही. परंतु कॅमेऱ्यास दोष कोणता हे कळत नाही. ते संगणकास शिकवावे लागते. पूर्वी अमुक इतका काळा ठिपका म्हणजे डाग, असे नियम लिहून देत. आता चांगल्या-वाईट मालाची हजारो चित्रे दाखवितात आणि संगणक त्यांतील फरक स्वतःच हेरतो. १९८९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी टपालावरील हस्तलिखित आकडे ओळखण्यास असेच शिकविले होते. २०१२ नंतर या विद्येचा प्रसार झपाट्याने झाला. गंमत अशी की, चांगल्या कारखान्यात दोषी माल विरळाच, त्यामुळे दोषांची चित्रे पुरत नाहीत. मग केवळ निर्दोष मालाची चित्रे शिकवून, त्याहून निराळे दिसेल ते बाजूस काढावयास सांगतात. तरीही प्रकाश बदलला किंवा भिंगावर धूळ बसली, की हा शहाणा विद्यार्थी गोंधळतो आणि चांगला मालही नाकारतो.

येथेच आमचा खरा मुद्दा आहे. कोणते चित्र दोषाचे, हे प्रथम सांगतो कोण? वीस वर्षे सूत हाताळलेला पारखीच. त्याचे ज्ञान यंत्रात उतरते, आणि उतरल्यावर त्याचीच जागा कमी होण्याचा संभव असतो. हे भय खोटे आहे असे सांगून आम्ही टाळ्या मिळविणार नाही. मात्र यंत्रास दूर ठेवल्याने रोजगार वाचतोच, असेही नव्हे. शेजारच्या मोहोन्याची नॅशनल रेयॉन २००९ साली बंद पडली, ती काही कॅमेऱ्यांमुळे नव्हे.

आपल्या शिष्यवृत्त्या प्रायः महाविद्यालयीन मुलांस मिळतात. पस्तिशी-चाळिशीतील कामगाराने पाळी सांभाळून कॅमेरा बसविणे, प्रकाश जुळविणे, चित्रांची वर्गवारी तपासणे शिकावयाचे ठरविले, तर त्याची फी कोण भरणार? अशा ज्ञातिबांधवांसाठी, आणि कारखान्यात काम करणाऱ्या भगिनींसाठीही, निधीचा एक भाग राखून ठेवावा, अशी सूचना आम्ही या सभेपुढे मांडीत आहोत. कार्यकारी मंडळाने तिचा विचार पुढील बैठकीतच करावा.